ऐकू येत नाही का?

मिठाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. फोनवर सांगितली, डबे घेऊन आलेल्यांना दारातच सांगितली, इमर्जन्सीतल्या नर्सलाही सांगितली जिला त्यात काडीचाही रस नव्हता. की रीसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचं काम माझं. ड्राइव्हवेवर मीठ टाकायचं कामही माझंच, मिठाची पिशवी गराजच्या दाराशीच ठेवलेली, आणि सोमवारी रात्री मी 'उद्या बघू' म्हणून टीव्हीसमोर बसून राहिलो. दिवसा वितळलेला बर्फ रात्री परत गोठतो आणि डांबरावर काचेसारखा पापुद्रा धरतो, ब्लॅक आइस म्हणतात त्याला, डोळ्यांना दिसतच नाही आणि पायाला कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो. मंगळवारी सकाळी सात वाजायच्या आतच ट्रकचा आवाज आला, मी घोरत होतो, ही स्लिपर घालूनच डबा ओढत बाहेर गेली. उजवा घोटा, दोन्ही बाजूंनी मोडला. प्लेट, आठ स्क्रू, आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही. सांगून सांगून ही गोष्ट आता नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालीये, ऐकणारा म्हणतो "अरे, त्यात तुझी काय चूक" आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बहुतेक त्यासाठीच सांगतो.

घंटेची गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती.

आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनजवळ, इथल्या हजारो घरांसारखं. झोपायच्या खोल्या वर, आंघोळीची सोय वर, खाली नुसती हात धुण्यापुरती पावडर रूम. चाळिशीत घर घेताना कुणी पायऱ्या मोजतं का? चौदा आहेत, हे मला या वर्षी कळलं. एरवी डिसेंबर ते मार्च आम्ही साताऱ्याला असतो, या वेळी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी राहिलो आणि हे असं झालं. तर हिचा मुक्काम खाली फॅमिली रूममध्ये, रिक्लायनरवर. मी कधी बेसमेंटमध्ये कपडे धुवायला, कधी वर, कधी किचनमध्ये डोक्यावरचा पंखा घरघरत असताना. हाका मारून हिचा घसा बसला. फोन करावा तर फोन नेमका रिक्लायनरच्या फटीत गेलेला. शेवटी मीच देवघरातली पितळी घंटा काढून दिली. देवघर म्हणजे पॅन्ट्रीचा वरचा कप्पा, खाली डाळी आणि वर देव. ती घंटा हिने १९८४ साली इकडे येताना तुळशीबागेतून घेतलेली, साडीच्या घडीत गुंडाळून आणलेली. "आणि देवांचं काय?" ही म्हणाली. म्हटलं, सहा आठवडे टाळ्यांवर भागवतील, त्यांचे पाय धड आहेत.

पहिल्या पंधरा दिवसांत घंटा वाजायच्या आत मी हजर असायचो. पाणी, गोळी, उशी, पायाखालची दुसरी उशी, पडदा अर्धा ओढा, नको, उघडाच ठेवा. तिसऱ्या आठवड्यात मी "आलो, आलो" म्हणत जायला लागलो. चौथ्यात नुसतं "हो". पाचव्या आठवड्यातला गुरुवार होता. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं, खिडकीवर रवा फेकल्यासारखा आवाज. मी कांदे आणायला गराजमध्ये गेलो. तिथे मुलं लहान असताना सॉकरच्या मॅचला न्यायची घडीची खुर्ची भिंतीला टेकवलेली असते. ती उघडली आणि बसलो. का ते माहीत नाही. थंडी होती, टायरचा वास, गवत कापायच्या मशीनमधल्या जुन्या पेट्रोलचा वास, आणि शेजारी ती मिठाची पिशवी, अर्धी संपलेली. आत घंटा वाजली. एकदा. मग थोड्या वेळाने दोनदा. मला स्वच्छ ऐकू आली. मी पिशवीवरचा मजकूर वाचायला घेतला, किती थंडीपर्यंत हे मीठ चालतं, कुत्र्यामांजरांच्या पंजांना काय होतं, काँक्रीटवर टाकू नये, सगळं वाचलं. तिसऱ्यांदा वाजली ती जरा लांबली, आरती संपताना वाजते तशी. आणि मग थांबली. वाजत होती तोवर ठीक होतं हो, थांबली तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं. पाचेक मिनिटांनी मी दोन्ही हातांत दोन कांदे घेऊन आत गेलो, म्हणजे कामात होतो असं दिसावं.

"बोलावलं होतंस का?"

"नाही, विशेष काही नाही," ही म्हणाली. रिमोट खाली पडला होता, तो तिने कुबडीने ओढून घेतलेला दिसत होता. शाल अर्धी जमिनीवर.

आता यातली खरी मेख सांगतो. माझं आयुष्य ऐकण्याच्या नोकरीत गेलंय. बत्तीस वर्षं मी पूल तपासले. लोकांना वाटतं पूल तपासायचा म्हणजे दुर्बीण, लेसर, ड्रोन. ते आता आलं. आम्ही हातोडी घेऊन जायचो. काँक्रीटवर टकटक करायचं, आणि वरच्या रस्त्यावरून जाड साखळ्यांचा झाडू ओढत न्यायचा. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं. आतून थर सुटलेला असला की बद्द आवाज येतो. आपल्याकडे बायका मडकं वाजवून घेतात ना, तेच शास्त्र, फक्त हेल्मेट घालून. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल करायचा. नव्या पोरांना मी वेस्ट व्हर्जिनियातला सिल्व्हर ब्रिज सांगायचो, १५ डिसेंबर १९६७, ख्रिसमसच्या खरेदीच्या दिवसांत संध्याकाळच्या गर्दीत पूल गाड्यांसकट नदीत गेला, ४६ माणसं मेली, आणि कारण काय तर साखळीच्या एका दांड्यातली अडीच मिलिमीटर खोल चीर. त्यानंतरच या देशात पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम आले, साधारणपणे दर २४ महिन्यांनी तपासणी आणि ० ते ९ असे मार्क. नऊ म्हणजे उत्तम, चार आणि खाली म्हणजे पूल वाईट अवस्थेत. पोरं माना डोलवायची. मी म्हणायचो, कान उघडे ठेवा, पूल आधी सांगतो, आपणच ऐकत नाही. केवढा रुबाब होता तेव्हा.

आणि घरात? हिच्या हाडांची घनता मोजून घ्यायला डॉक्टर तीन वर्षं मागे लागले होते. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्या तपासणीचे पैसे देतं, आणि गंमत बघा, तेही साधारणपणे २४ महिन्यांतून एकदाच, पुलांसारखंच. ही म्हणायची बघू नंतर, आणि मी म्हणायचो हिला कोण सांगणार. घोटा मोडल्यावर मोजलं. उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, हिचा आकडा उणे २.८. रिपोर्ट हातात घेऊन मी मनातल्या मनात तिला ० ते ९ मध्ये बसवत होतो, सवय जात नाही, आणि एकदम लक्षात आलं की ही ६९ वर्षांची आहे आणि मी तिच्याकडे शेवटचं नीट बघितलं कधी ते आठवत नाहीये.

ऐकण्यात आमच्या घरात खरी पटाईत ती. रिक्लायनरवर पडल्या पडल्या तिने सगळं घर कानाने चालवलं. मी किचनमध्ये फोडणी करतोय, मधे भिंत, आणि पलीकडून सूचना: "अजून तडतडली नाहीये, थांबा. हं, आता. जिरं घाला. गॅस बारीक करा, करपतंय. हिंग घातलात? वास नाही आला." गॅस कसला, इलेक्ट्रिकची शेगडी आहे, पण चाळीस वर्षं आम्ही तिला गॅसच म्हणतो. मिरची जरा जास्त तळली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा, मग मी खुर्चीवर उभा राहून ओक ट्री रोडच्या दुकानातून आणलेल्या मराठी कॅलेंडरने वारा घालायचो आणि ही तिकडे पोट धरून हसायची, हसून पाय दुखायचा, मग घंटा. फर्नेस सुरू झाली, फ्रिजचं दार नीट लागलं नाही, बेसमेंटमधला ड्रायर थांबला, गराजचं दार कुईं करून उघडलं, सगळं तिला जागेवरून कळायचं. कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, मी नाही. तिसऱ्या शिट्टीला "बंद करा" असा आवाज यायचा आणि मी शहाण्या मुलासारखा बंद करायचो. मोहरी कुठल्या डब्यात, राळा कुठल्या, पोह्यांवर घालायचं खोबरं फ्रीजरमध्ये दह्याच्या डब्यात का ठेवलंय आणि मग दही कशात आहे, हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं या घराचे हप्ते मी भरले आणि घरात राहायची मात्र ती. मी आपला जेवायला यायचो.

आंघोळ हा मोठा कार्यक्रम. मदतनीस बाई ठेवायची तर इथे तासाला तीस डॉलरच्या वर, आणि नुसत्या आंघोळ-कपड्यांच्या मदतीला मेडिकेअर पैसे देत नाही, आणि मुळात ही म्हणाली मला परक्या बाईच्या हातून आंघोळ नको. हॉस्पिटलात तीन दिवस रीतसर ॲडमिट असाल तर पुढे रिहॅबमध्ये राहायचे पैसे मिळतात, आम्ही एकच रात्र होतो, तीही नुसती देखरेखीखाली. म्हणजे सगळं घरीच. आठवड्यातून दोनदा आम्ही जिना चढायचो. ही खालच्या पायरीवर उलटी बसायची, डाव्या पायाने आणि दोन्ही हातांनी रेटा देऊन एक एक पायरी मागे सरकायची, आणि मी समोर वाकून तिचा उजवा पाय धरून वर येत राहायचो, पालखीचा दांडा धरल्यासारखा. ती मोठ्याने मोजायची. वीस वर्षं दर रविवारी मराठी शाळेत पोरांना शिकवलंय तिने, त्यामुळे मोजणंही शाळेतलंच, सुरात. नऊला थांबायचं. चौदाला दोघंही धापा टाकत वरच्या कार्पेटवर बसून राहायचो, जसा काही सज्जनगड चढून आलोय. मग पायाला कचऱ्याची पिशवी, वर चिकटपट्टी, शॉवरमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची. मी तिचे केस धुतले. लग्नाला ४३ वर्षं झाली आणि मला माहीत नव्हतं की तिच्या डोक्यात मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, एक खोक आहे, लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडलेली. बोटाला लागली. "हे काय?" म्हटलं. तिने गोष्ट सांगितली, शाम्पू डोळ्यात जात होता तरी सांगत राहिली. ती मधेच "अहो, थंड होतंय पाणी" म्हणाली नसती तर मी तसाच उभा राहिलो असतो. आणि लगेच त्याच दिवशी संध्याकाळी, ओला टॉवेल, ओली पिशवी, ओलं कार्पेट आवरताना मला इतका राग आला होता, कुणाचा ते विचारू नका, की मी टॉवेल बेसमेंटच्या जिन्यावरून खाली भिरकावला. दोन्ही खरं आहे. केसही मीच धुतले आणि टॉवेलही मीच भिरकावला.

डब्यांचं सांगायला हवं, नाहीतर इथल्या लोकांवर अन्याय होईल. पहिले दहा दिवस आम्हाला स्वयंपाक करावा लागला नाही. व्हॉट्सॲपवर पाळ्या लागल्या. एका दिवशी तीन घरांतून छोले आले, ते फ्रीजरमध्ये अजून असतील. मग हळूहळू डबे थांबले आणि ते बरोबरच आहे. आमच्या ग्रुपमधले सगळे आमच्याच वयाचे, एकाचा गुडघा बदललाय, एकाची बायको विसरायला लागलीये, रात्रीची गाडी कुणीच चालवत नाही. एके काळी पहाटे तीनला एकमेकांना एअरपोर्टवर सोडणारी माणसं ही. तीच आता साडेचारला "अंधार पडायच्या आत निघतो हं" म्हणतात. म्हातारपणी भारतात जायचं की इथेच राहायचं यावर आम्ही पंचवीस वर्षं दर पॉटलकला वाद घातला. तिकडे माणसं आहेत पण मेडिकेअर तिकडे चालत नाही, इकडे मेडिकेअर आहे पण भांडं घासायला माणूस नाही, आणि बोलता बोलता निम्मी मंडळी काहीच न ठरवता म्हातारी झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली जुलै १९६५ मध्ये, आणि आमच्यासारख्यांना या देशाचं दार उघडणाऱ्या कायद्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आमची तरुणाई आणि आमचं म्हातारपण एकाच माणसाने एकाच वर्षात नक्की करून ठेवलं, तेव्हा मी साताऱ्यात सातवीत होतो आणि गोट्या खेळत होतो.

लेक सिएटलहून आली, नऊ दिवस राहिली. आल्या आल्या तिने रग उचलले, बाथरूममध्ये दांडे बसवून घेतले, गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावला, वॉकरच्या मागच्या पायांना टेनिसचे बॉल खोचले म्हणजे कार्पेटवर अडकणार नाही. खूप केलं पोरीने. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, तू एकदा कान तपासून घे. आई बोलावते ते तुला कळत नाही." आणि तिथल्या तिथे अपॉइंटमेंट घेऊन टाकली. ती तारीख आली एप्रिलमध्ये. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलो, बारीक टिक आली की बटण दाबायचं. सगळ्या टिका ऐकू आल्या. ती बाई म्हणाली, वयाच्या मानाने तुमचे कान फार छान आहेत. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये गाडीत नुसता बसलो. थोडा दोष निघाला असता तर काय बिघडलं असतं?

तिथे, गाडीत, मला फुलपात्र आठवलं.

१९९६ च्या पावसाळ्यात आई साताऱ्याच्या घरी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण ती नीट अशी परत चालली नाहीच. मी बारा दिवसांची रजा काढून गेलो, बॅगेत इथले मोठ्यांचे डायपर, हवेची गादी, आणि तोंडात सल्ले. माजघराला लागून असलेल्या खोलीत लोखंडी कॉटवर आई. काही हवं असलं की ती स्टीलचं फुलपात्र कॉटच्या दांड्यावर वाजवायची. टण टण टण. दिवसातून शंभरदा. सातव्या की आठव्या दिवशी असेल, मी ओसरीवर दादाशी बोलत बसलेलो, शेजारच्या काकूही होत्या, आतून फुलपात्र वाजतंय आणि स्वयंपाकघरातून कुणी उठत नाहीये. मी तिथूनच ओरडलो, "वहिनी, ऐकू येत नाही का?" दादा गप्प बसला. वहिनी बाहेर आल्या, पदराला हात पुसले, माझ्याकडे बघितलं पण नाही, आईच्या खोलीत गेल्या. तेराव्या दिवशी मी मुंबईहून विमानात बसलो. वहिनींनी पुढे बावीस महिने केलं. मी पैसे पाठवले, नवा फ्रिज घेऊन दिला, आणि इथे मित्रांना सांगत राहिलो की आमच्या वहिनी म्हणजे देवमाणूस आहेत. म्हणजे बघा, देवमाणूस म्हटलं की आपलं काम संपतं.

दादा जाऊन चार वर्षं झाली. वहिनी आता ७८ च्या, साताऱ्यातच मुलाकडे असतात. एका रविवारी सकाळी मी फोन लावला, तिकडे संध्याकाळ, मागे टीव्हीवर मालिका चालू. पायाची चौकशी झाली, आंब्याची पेटी किती महाग झालीये ते झालं. मग मी म्हटलं, "वहिनी, आई फुलपात्र वाजवायची ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं. अजून आहे ते. पोचे आलेत नुसते. तुळशीला पाणी घालते त्यानं."

"मी तुम्हाला एकदा बोललो होतो. सगळ्यांसमोर."

"बोलला होतात? कधी हो?" आणि जरा वेळ नुसती मालिकाच ऐकू आली. मग टीव्हीचा आवाज कमी झाला. "ऐकू यायचं हो भावजी. मी मिक्सर लावायचे."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे मिक्सर लावायचे. चटणी वाटायची. मिक्सर चालू असताना कसं ऐकू येणार, सांगा? कधीकधी तर भांडं रिकामंच असायचं." आणि वहिनी हसल्या, ७८ वर्षांची बाई एखाद्या शाळकरी पोरीसारखी हसली. "सासूबाई म्हणायच्या, ही रोज एवढी चटणी करते ती जाते कुठे." हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "दोन मिनिटंच हो. दोन मिनिटांच्या वर कधी नाही लावला. तुम्ही काय लावता?"

एवढ्या सरळ विचारलं की खोटं बोलायला सुचलंच नाही. "मी गराजमध्ये जाऊन बसलो. एकदा," म्हटलं. एकदा, असं मी म्हणालो.

"अगंबाई. तिथं थंडी असेल की हो."

तेवढंच. माफ केलं वगैरे काही नाही, मी मागितलीही नव्हती म्हणा. मग त्यांनी हाडं जुळायला हिला डिंकाचे लाडू कसे करून घालायचे ते पाच मिनिटं सांगितलं, खारीक किती, खोबरं किती भाजायचं, आणि फोन मुलाच्या हातात दिला. डिंक तळायचा प्रयत्न मी केला. अर्धा फुलला, अर्धा दाताखाली खड्यासारखा. तरी हिने खाल्ले.

थेरपिस्ट पोरगी घरी यायची आठवड्यातून दोनदा, हिच्या घोट्याला आधार देणारा बूट काढायची परवानगी मिळाल्यापासून. पहिल्या दिवशी पाय बघून मलाच धस्स झालं. पोटरी वाळलेल्या दोडक्यासारखी, कातडीचे पापुद्रे, घोट्याच्या दोन्ही बाजूंना जांभळट शिवण. तिने हिला सांगितलं, पाय उशीवर ठेव आणि अंगठ्याने हवेत एबीसीडी काढ, ए टू झेड, दिवसातून तीन वेळा. ती गेल्यावर ही म्हणाली, एबीसीडी कशाला. आणि पहिल्यांदा 'श्री' काढला. दुखत होतं, ओठ दाबून धरलेला, पण श्रीची वेलांटी सोडली नाही. मग अ आ इ ई. मग क ख ग घ. मी बाजूला बसून अक्षरं ओळखायचो. सुरुवातीला सगळी अक्षरं सारखीच, नुसता पाय थरथरायचा. एप्रिलपर्यंत क आणि फ वेगळे कळायला लागले. 'ळ' काही जमेना, दोन गोल उलटसुलट फिरवायचे म्हणजे घोट्याला दोन्हीकडे वळावं लागतं, तिथेच तो अडायचा. शाळेत अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना ती ळ साठी किती रागवायची ते मला माहितीये, लेकीलाच किती रडवलंय. आता स्वतःच्या अंगठ्याला तशीच रागवायची, "नीट काढ, गाठ कुठे गेली?" एका दुपारी काढला. चांगला टपोरा ळ. थेरपिस्टला दाखवला तर ती म्हणाली हे कुठलं लेटर, हिने तिला 'ळ' म्हणायला लावलं चार वेळा, नाही आलं तिला.

मेच्या शेवटी काठी सुटली. घंटा परत पॅन्ट्रीत गेली. जिना ती आता कठडा धरून उभ्याने चढते, पण नऊवर थांबते, सवयीने. ड्राइव्हवे मी स्वतः बघतो म्हणतो, जून आहे, बघायला काही नाहीये.

परवा डेकवर बसलो होतो. तिने मागे वाफ्यात लावलेली मेथी आली होती, बुटकी पण कडक वासाची, ती निवडत बसलेली. उजवा पाय समोरच्या खुर्चीवर. मांडीवर वर्तमानपत्र, एका बाजूला पानं, एका बाजूला देठं, बोटं काळी-हिरवी. शेजारचा म्हातारा गवत कापत होता, ते मशीन थांबलं आणि एकदम शांत झालं. मला वाटलं आत्ता सांगावं. म्हटलं, "अगं, तेव्हा, पाय प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा, एकदा तू घंटा वाजवत होतीस आणि मी गराजमध्ये बसून होतो. मला ऐकू आली होती."

तिने एक जून देठ मोडून बघितला, टाकला, पुढची काडी उचलली.

"कोणत्या दिवशी?" तिने विचारलं.